फोटोतल्या तारा राहू द्या

मराठी शाळेतल्या कुठल्याही मुलाला निसर्गचित्र काढायला सांगा. कागदावर आधी दोन त्रिकोणी डोंगर येतात, त्यांच्या बेचक्यातून अर्धा सूर्य डोकावतो, खाली रुंद होत जाणारी नदी, काठावर कौलारू झोपडी, शेजारी एक नारळाचं झाड आणि आकाशात चारच्या आकड्यासारखे चार पक्षी. परभणीच्या सपाट रानात वाढलेलं, आयुष्यात डोंगर न पाहिलेलं पोरही हेच काढतं. डोंगराच्या पायथ्याशी माड कुठून आला, हा प्रश्न त्याला कुणी विचारत नाही, कारण गुण त्या माडालाही असतात. हे चित्र डोळ्यांनी पाहिलेलं नसतं, हाताला शिकवलेलं असतं. पुढे हातात कॅमेरा आला की तोच हात तेच चित्र शोधत हिंडतो.

अशा दृश्याला मराठीत ‘देखावा’ म्हणतात. शब्द मोठा चलाख आहे. डोंगरदरीचाही देखावा असतो, गणपतीच्या मंडपातला थर्माकोलचाही असतो, आणि एखादा माणूस खोटं वागत असेल तर तोही देखावाच करत असतो. महाराष्ट्रात निसर्ग छायाचित्रण म्हणून जे चालतं, त्यातला फार मोठा भाग या तिसऱ्या अर्थाकडे झुकू लागला आहे.

पावसाळ्यातले शनिवार-रविवार आठवावेत. ताम्हिणी, माळशेज, कास. धबधब्यासमोर फोटो काढणाऱ्यांची रांग, रांगेमागे भाजलेल्या कणसांचा धूर, गाड्यांची कोंडी, ओढ्यात चिप्सची पाकिटं. संध्याकाळी मोबाइलवर येणाऱ्या फोटोंत मात्र धुकं, हिरवळ आणि एकांत. पाकिटं फ्रेमच्या बाहेर ठेवलेली असतात आणि जी बाहेर ठेवता येत नाही ती विजेची तार नंतर बोटाने पुसलेली असते. गूगलने २०२१ साली आपल्या पिक्सेल फोनमध्ये ‘मॅजिक इरेझर’ आणलं. आता ही सोय बहुतेक फोनमध्ये आहे. तारेवर बोट फिरवलं की तार गेली, खांब गेला, मागे उभा असलेला गुराखीही गेला. उरलं ते शाळेतलं चित्र.

ही सवय मोबाइलने लावलेली नाही. ती फार थोरामोठ्यांची आहे.

अमेरिकी छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यांचं नाव घेतल्याशिवाय निसर्ग छायाचित्रणाची गोष्ट पुढे सरकत नाही. त्यांचं १९४४ सालचं एक गाजलेलं छायाचित्र आहे : कॅलिफोर्नियातल्या लोन पाइन गावाजवळून दिसणारा सिएरा नेवाडाचा हिवाळी सूर्योदय. मागे उन्हात झळकणारी हिमशिखरं, मध्ये काळ्या टेकड्यांचा पट्टा, पुढे कुरणावर पडलेली उन्हाची तिरीप आणि त्यात चरणारा एक घोडा. ॲडम्स यांनी या क्षणासाठी कित्येक पहाटा कडाक्याच्या थंडीत काढल्या. पण मधल्या काळ्या टेकडीवर तेव्हा आणखीही काहीतरी होतं. गावातल्या शाळेच्या पोरांनी दगडांना चुना फासून गावाच्या नावाची ‘एल’ आणि ‘पी’ ही दोन भली मोठी अक्षरं तिथे उमटवली होती. ॲडम्स यांनी ती अंधारखोलीत पुसून टाकली. पुढे त्यावर टीका झाली, तेव्हा डोंगरावरचा हा ओरखडा जपून ठेवण्याइतके आपण शुद्धतावादी नाही, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी दिलं.

त्या दिवसांत ॲडम्स त्या भागात का हिंडत होते, हेही सांगायला हवं. लोन पाइनपासून काही मैलांवर मान्झानारची छावणी होती. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सरकारने जपानी वंशाच्या आपल्याच नागरिकांना जिथे कोंडलं, त्या छावण्यांपैकी ही एक. दहा हजारांहून अधिक माणसं तिथे होती. ॲडम्स त्यांचे फोटो काढायला तिथे जात होते. त्यांनी ते प्रामाणिकपणे काढले आणि त्यांचं पुस्तकही केलं. म्हणजे एकाच माणसाने त्याच खोऱ्यात माणसांचे फोटो वेगळे काढले आणि निसर्गाचे वेगळे. निसर्गाच्या फोटोत माणूस नको होता, त्याची दोन अक्षरंसुद्धा नकोत. आज ते छायाचित्र पाहताना डोळा आपोआप त्या काळ्या टेकडीवर जातो आणि पोरांनी चुना फासलेली ती अक्षरं शोधू लागतो.

निर्मळ देखाव्याच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे आणि ते टाळून चालणार नाही. कार्लटन वॉटकिन्स यांनी १८६१ साली योसेमिटी खोऱ्याची भव्य छायाचित्रं काढली. काचेच्या अजस्र निगेटिव्ह खेचरांवर लादून त्यांनी ती खोऱ्याबाहेर आणली. ती पूर्वेकडच्या शहरांत पोचली, लोकांनी तोंडात बोटं घातली, आणि १८६४ मध्ये अब्राहम लिंकन यांनी ते खोरं राखून ठेवण्याच्या कायद्यावर सही केली. सुंदर फोटोंमुळे जंगल वाचलं, हे खरंच आहे. मात्र त्या फोटोंत खोरं रिकामं दिसतं. ते रिकामं का होतं? वॉटकिन्स तिथे पोचण्याच्या दहा वर्षं आधी, १८५१ मध्ये, सशस्त्र टोळीने अवानीची या तिथल्या मूळ रहिवाशांवर चाल करून त्यांना हुसकावलं होतं. निर्जन भासणारा तो प्रदेश कुणाचं तरी गाव होता.

आपल्याकडे डोंगर कुठे उभं राहून पाहायचा, हेसुद्धा साहेबाने ठरवून दिलं. त्याचा पुरावा महाबळेश्वरच्या नकाशावर जागोजागी आहे : विल्सन पॉइंट, केट्स पॉइंट, एल्फिन्स्टन पॉइंट, लॉडविक पॉइंट. केट ही गव्हर्नर सर जॉन माल्कम यांची मुलगी. आर्थर सीटला आर्थर मॅलेट नावाचा अधिकारी बसून राहायचा म्हणे, कारण त्याची बायको आणि मूल सावित्रीच्या पाण्यात बुडून गेले होते. पॉइंट म्हणजे जिथे टॅक्सीवाला गाडी थांबवतो आणि कठडा लावलेला असतो ती जागा. कठड्यापलीकडच्या माणसांना मात्र तो डोंगर पॉइंटवरून दिसत नाही. त्यांना तो पाखाडीने, पाणवठ्याने, देवराईने आणि कुठल्या खिंडीत कोण दगावलं यावरून ठाऊक असतो. एका शोकाकुल बापाची बसायची जागा म्हणून नाव पडलेल्या कठड्याशी आज सेल्फीसाठी ढकलाढकली चालते. यात कुणाचा दोष काढायचा नाही. पॉइंटला आठवण राहत नाही इतकंच.

भिगवणचं उदाहरण तर अगदी जवळचं. पुण्या-मुंबईचे छायाचित्रकार हिवाळ्यात पहाटे उजनीच्या पाणलोटात होडीत बसतात. समोर रोहित पक्ष्यांचे थवे, गुलाबी पंखांची पाण्यातली प्रतिबिंबं, वर कोवळं ऊन. फोटो देखणे येतात, स्पर्धांत जातात. हे पाणी १९८० च्या सुमारास पुऱ्या झालेल्या धरणाचं आहे आणि त्याच्या तळाशी भीमाकाठची गावंच्या गावं आहेत, हे त्या फोटोंत कुठेही नसतं. दुष्काळी उन्हाळ्यात पाणी उतरलं की इंदापूर तालुक्यातल्या जुन्या पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ शिखरापासून पायथ्यापर्यंत उघडं पडतं. तेव्हा दोन दिवस बातमी येते. रोहितांच्या फोटोत देऊळ नसतं आणि देवळाच्या फोटोत रोहित नसतात. दोन्ही एकाच पाण्याचे आहेत, हे एका चौकटीत दाखवायचं कष्टाचं काम क्वचितच कुणी अंगावर घेतं. स्पर्धांचीही त्याला साथ नाही. आंतरराष्ट्रीय मान्यतेच्या छायाचित्र स्पर्धांत ‘निसर्ग’ विभागाची व्याख्याच अशी की काही अपवाद सोडले तर फोटोत माणसाची खूण असू नये. घटक पुसायलाही तिथे बंदी आहे, हे चांगलं. पण खुणाच नकोत म्हटल्यावर कॅमेरा आधीच मान वळवून घेतो.

मान न वळवणाऱ्यांचं एक प्रदर्शन १९७५ साली न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टर शहरात भरलं. ‘न्यू टोपोग्राफिक्स’ हे त्याचं नाव, आणि माणसाने बदललेल्या भूदृश्यांची छायाचित्रं असं त्याचं उपशीर्षक. विल्यम जेन्किन्स यांनी दहा छायाचित्रकार निवडले होते. त्यांच्या चौकटींत काय होतं? गोदामांच्या सपाट भिंती, पार्किंगच्या जागा, वाळवंटात नुकत्याच उठलेल्या एकसारख्या घरांच्या रांगा, फिरत्या घरांचे तळ. बऱ्याच प्रेक्षकांना हे रुक्ष आणि कंटाळवाणं वाटलं. आज छायाचित्रणाच्या इतिहासात त्या प्रदर्शनाला मैलाचा दगड मानतात.

त्या दहांत आणखी एक ॲडम्स होते, रॉबर्ट. ॲन्सेल यांच्याशी नातं काही नाही. पेशाने इंग्रजीचे प्राध्यापक. कोलोरॅडोच्या डोंगरपायथ्याशी वसाहती कशा पसरत गेल्या ते त्यांनी टिपलं आणि १९७४ मध्ये त्याचं पुस्तक केलं. त्यांचा १९६८ चा एक फोटो पाहावा. कोलोरॅडो स्प्रिंग्समधलं साच्यातून काढल्यासारखं बैठं घर, वर रणरणतं ऊन, पुढे कापलेलं गवत, आणि खिडकीत एका बाईची काळी आकृती. इतकंच. डोंगर नाही, घोडा नाही. तरी त्या घराखाली पूर्वी माळरान होतं हे फोटो सांगतो, आणि त्या बाईला तिथे किती एकटं वाटत असेल हेही. विशेष म्हणजे ऊन तिथेही सुंदरच पडलं आहे आणि रॉबर्ट ॲडम्स यांनी ते नाकारलेलं नाही. पुणे-नगर रस्त्यावर किंवा पनवेलच्या पलीकडे शेतात उठलेल्या टॉवरांकडे अशा नजरेने पाहता येतं. त्यासाठी आधी ‘इथे फोटो काढण्यासारखं काही नाही’ हे वाक्य डोक्यातून काढावं लागतं.

त्याच प्रदर्शनात बर्न्ड आणि हिला बेखर हे जर्मन जोडपं होतं. १९५९ पासून त्यांनी जवळजवळ पाच दशकं एकच काम केलं : बंद पडत चाललेल्या खाणी, भट्ट्या, पाण्याच्या टाक्या, कोळशाचे मनोरे यांचे फोटो. ढगाळ दिवस, समोरून घेतलेला कोन, सपाट करडं आकाश. एक टाकी, तिच्याशेजारी दुसरी, मग तिसरी. १९९० च्या व्हेनिस बिएनालेत त्यांना ‘सुवर्णसिंह’ मिळाला, तोही शिल्पकलेचा. कारखान्यांच्या फोटोंना शिल्पकलेचं पारितोषिक मिळाल्याचं ऐकून लालबाग-परळच्या एखाद्या निवृत्त गिरणी कामगाराला हसू आलं असतं. पण गिरणगावाच्या वाट्याला अशी वेडी चिकाटी आली असती तर? १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत पन्नासहून अधिक गिरण्यांचा मुलूख मॉल, कचेऱ्या आणि काचेच्या टॉवरांखाली गेला. काही छायाचित्रकारांनी तो काळ मनापासून टिपला. मात्र गिरणीगणिक चिमणी, गिरणीगणिक भोंगा, गिरणीगणिक गेट, सगळं एकाच शिस्तीत टिपणं हे निराळं काम आहे. एखादी चिमणी आज मॉलच्या आवारात शोभेला उभी दिसते. शेजारच्या चार चिमण्या कुठे होत्या, हे सांगायला आता चाळीतला एखादा म्हातारा शोधावा लागतो.

आठवण फोटोत आणायची कशी, या प्रश्नाचं सगळ्यात धीट उत्तर मात्र जर्मनीत किंवा अमेरिकेत सापडलेलं नाही. ते पालघर जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातल्या गंजाड गावात सापडलं.

गंजाड हे वारली चित्रकलेच्या नकाशावरचं ठळक नाव. जिव्या सोमा म्हसे याच परिसरातले. लग्नघरातल्या गेरूच्या भिंतीवर सवासिनींनी तांदळाच्या पिठाने काढायचा चौक त्यांनी कागदावर आणला आणि जगभर नेला. दिल्लीच्या छायाचित्रकार गौरी गिल २०१३ साली या गावात आल्या. राजस्थानच्या वाळवंटी गावांत त्यांनी १९९९ पासून केलेलं काम तेव्हाच नावाजलेलं होतं आणि पुढे २०२३ मध्ये त्यांना ‘प्री पिक्टे’ हा मानाचा पुरस्कारही मिळाला. गंजाडमध्ये त्यांची गाठ राजेश वांगड या वारली चित्रकाराशी पडली. वांगड त्यांना गावभर, शिवारभर फिरवायचे. इथे अमुक घडलं, इथे तमुक देव, इथे पूर्वी दाट रान होतं. गिल फोटो काढत गेल्या. नंतर ते फोटो समोर ठेवून पाहिले तर वांगडांनी सांगितलेलं त्यांत काहीच उतरलं नव्हतं. झाडं होती, टेकडी होती, उतार होता, काही चौकटींत वांगड स्वतः उभे होते. भूमीची कातडी तेवढी आली होती.

इथवर कुठलाही हुशार छायाचित्रकार पोचतो. तिथून तो सहसा पुन्हा त्याच जागी जातो, वेगळ्या उजेडात, वेगळ्या लेन्सने फोटो काढतो, फार तर खाली मोठी टीप लिहितो. गिल यांनी आपले कृष्णधवल फोटो छापले आणि वांगडांच्या हवाली केले. वांगडांनी त्यांवर शाईने चित्रं काढली.

छायाचित्र म्हणजे एका डोळ्याने, एका जागेवरून, एका क्षणी पाहिलेलं जग. जवळचं मोठं, लांबचं लहान, आणि कुठेतरी क्षितिजाची रेघ. वारली चित्राला यातलं काहीच मान्य नाही. तिथे क्षितिज नसतं. माणूस, बैल, माड, सूर्य सगळे एकाच पृष्ठावर नांदतात. पेरणी आणि मळणी एकाच वेळी चाललेली असते. तारपा वाजवणाऱ्याभोवती नाचणाऱ्यांचं वेटोळं वरूनही दिसतं आणि समोरूनही. अशा दोन डोळ्यांची एकाच कागदावर गाठ पडली. गिल यांच्या फोटोतल्या रित्या आकाशात आणि उघड्या जमिनीवर वांगडांच्या बारीक रेघांचं सगळं गणगोत उतरलं : देव, जनावरं, शेतीची कामं, लग्नाच्या वराती, आणि त्यांच्या बरोबरीने इमारती, यंत्रं, शहर. लांबून पाहिलं तर फोटो दिसतो. जवळ गेलं की रेघा वळवळायला लागतात आणि फोटो मागे सरतो. या मालिकेचं नाव ‘फील्ड्स ऑफ साइट’. तिच्यावर दोघांचीही नावं आहेत. २०२३ मध्ये तिचं पुस्तक स्वित्झर्लंडमधून निघालं; मराठी पुस्तकांच्या दुकानात ते सहज मिळावं अशी अपेक्षा करणं सध्या तरी भाबडेपणाचं आहे.

वारली प्रदेशात जमिनीला स्मृती असणं ही काव्यात्म कल्पना नाही. कणसरी ही धान्याची देवी, हिरवा हा देव, वाघोबाची ठाणी गावोगाव. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीचा टोकदार सुळका मुंबई-अहमदाबाद महामार्गावरून जाणाऱ्या गाडीतून मस्त दिसतो, आणि काचेतून त्याचा फोटो काढून लोक सुरतेच्या दिशेने पुढे जातात. त्याच सुळक्यावर चैत्र पौर्णिमेला ध्वज चढतो. स्मृती काही फक्त देवांच्याही नाहीत. १९४५ मध्ये वेठीविरुद्ध इथल्या वारल्यांनी बंड केलं. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकाला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, म्हणून ते बंड मराठी वाचकाला निदान ऐकून ठाऊक असतं. सावकाराच्या खळ्याचा, वेठीच्या वाटेचा आज फोटो काढला तर त्यात काय दिसेल? गवत. ते गवत बोलतं करायचं तर तिथला माणूसच हवा.

आणि ही भूमी आत्ता, या घडीला बदलते आहे. डहाणूला ५०० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र १९९० च्या दशकात आलं. आता याच जिल्ह्यातून बुलेट ट्रेनचे खांब चालले आहेत, मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्गाची माती ओढली जाते आहे, आणि ३० ऑगस्ट २०२४ ला वाढवण बंदराचं भूमिपूजन झालं. हे प्रकल्प हवेत की नकोत, हा वाद वेगळा. वाद करणाऱ्या दोन्ही बाजूंना एक गोष्ट मान्य व्हायला हरकत नाही : प्रकल्पाआधीचं गाव दिसायचं कसं, याची नोंद राहायला हवी. सरकार नोंद ठेवतं, नाही असं नाही. भूसंपादनाआधी संयुक्त मोजणी होते. आंब्याची झाडं किती, विहीर किती फूट, घर कच्चं की पक्कं, हे सगळं कागदावर उतरतं, कारण त्यावर मोबदला ठरतो. आंब्याखाली काय व्हायचं याचा रकाना त्या फॉर्मात नाही. तो असावा अशी अपेक्षा तलाठ्याकडून करता येणार नाही. ती छायाचित्रकाराकडून करता येते.

इथे एक धोकाही आहे. उद्ध्वस्त भूमीचे फोटो फारच सुंदर येऊ शकतात. कॅनडाचे एडवर्ड बर्टिन्स्की यांनी चितगावच्या किनाऱ्यावर तोडल्या जाणाऱ्या जहाजांचे, मकराण्याच्या संगमरवरी खाणींचे प्रचंड आकाराचे फोटो काढले. ते पाहताना माणूस थक्क होतो, आणि थक्क होताना त्या जहाजाखाली अनवाणी उभा असलेला मजूर मुंगीएवढा होतो. त्यांच्यावर हा आक्षेप पूर्वीपासून आहे आणि तो पोकळ नाही. पण चीनमधल्या तीन दऱ्यांच्या धरणावरचं त्यांचं २००२ चं काम या आक्षेपाला पुरून उरतं. धरणात बुडणार असलेली शहरं तिथलेच लोक मजुरी घेऊन विटेविटेने पाडत होते. बारा लाखांहून अधिक माणसं त्या धरणाने उठवली. आपलंच शहर पाडणाऱ्या माणसांचा ढिगारा पाहताना सौंदर्य आड येत नाही, कारण ढिगाऱ्यात जिन्यांचे आणि न्हाण्यांचे आकार अजून ओळखू येतात.

ड्रोनची मात्र कीव करावी तेवढी थोडी. आकाशातून प्रत्येक धरण सारखंच निळं, प्रत्येक खाण सारखीच तांबडी. ओसरी वरून ओळखू येत नाही.

नोंद ठेवण्याची साधी, स्वस्त आणि कंटाळवाणी रीत अमेरिकेत १९७७ ते १९७९ या काळात मार्क क्लेट आणि त्यांच्या सोबत्यांनी वापरून दाखवली. एकोणिसाव्या शतकात सरकारी सर्वेक्षणांसोबत गेलेल्या छायाचित्रकारांचे जुने फोटो घ्यायचे, ते जिथून काढले ती नेमकी जागा शोधायची, त्याच ऋतूत, त्याच वेळी, सावल्या जुळतील अशा बेताने पुन्हा फोटो काढायचा. क्लेट मूळचे भूगर्भशास्त्राचे विद्यार्थी, त्यामुळे खडकांच्या भेगा जुळवणं त्यांना जमत होतं. शंभरहून अधिक जागी त्यांनी हे केलं. कुठे शंभर वर्षांत दगडही हललेला नव्हता, कुठे दरी धरणात गेली होती. आणि एक गंमत उघडकीला आली. टिमथी ओसलिव्हन या नामांकित छायाचित्रकाराने १८६९ मध्ये यूटातल्या खडकांचा फोटो काढताना कॅमेरा चक्क तिरका धरला होता. सुळके होते त्याहून नाट्यमय दिसावेत म्हणून. सरकारी मोजणीच्या फोटोतही देखावा शिरला होता. तो पकडायला शंभर वर्षांनी कुणालातरी त्याच जागी जाऊन उभं राहावं लागलं.

हे काम महाराष्ट्रात गावपातळीवर होऊ शकतं आणि त्याला अनुदानाची वाट पाहायची गरज नाही. प्रत्येक तालुक्यातल्या एका महाविद्यालयाने दहा जागा ठरवाव्यात : वेशीवरचा पार, पाणवठा, बाजारतळ, टेकडीचा माथा, नदीचा पूल. दर वर्षी ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, त्याच उंचीवरून एक फोटो काढावा आणि त्यावर तारीख घालावी. सुंदर आला नाही तरी चालेल. फ्लेक्स, टॉवर, पाण्याचा टँकर, जे असेल ते राहू द्यावं. पाच वर्षांनी त्या फोटोंकडे कुणी ढुंकून बघणार नाही. पंचविसाव्या वर्षी त्यांच्यासाठी भांडणं होतील. फोटो क्लबांनी वार्षिक स्पर्धेत धुक्यातल्या गडाइतकंच पारितोषिक या विभागाला ठेवावं आणि वृत्तपत्रांनी पावसाळी पुरवणीत धबधब्याशेजारी त्यातला एक छापावा. वृत्तपत्रांत निसर्गाचे फोटो अजून बहुधा रकाना भरायलाच वापरले जातात, हे इथे कबूल केलेलं बरं.

वांगड आणि गिल यांची रीतही उचलता येईल, आणि त्यासाठी एक गाव अगदी हाताशी आहे. दक्षिण गोव्यातल्या सांगे तालुक्यातलं कुर्डी. साळावली धरणासाठी १९८० च्या दशकात ते उठवलं गेलं. पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर हे धरणाचं सांगायला स्वतः गावात गेले होते. लोक वाडे आणि वालकिणी इथल्या वसाहतींत गेले आणि गाव पाण्याखाली गेलं. दर उन्हाळ्यात पाणी ओसरतं आणि कुर्डी वर येतं. घरांची जोती, वाटा, झाडांचे खुंट, तडकलेला चिखल. मे महिन्यात जुने रहिवासी तिथे जमतात. सोमेश्वराच्या देवळात उत्सव होतो, चॅपेलचंही फेस्त होतं. सौम्यानंद साही यांनी २०१६ मध्ये त्यावर माहितीपट केला. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर १९०४ साली याच गावात जन्मल्या. मराठी-कोकणी आडनावांतलं ‘कर’ हे गावाची आठवण जपण्याचं सर्वांत जुनं साधन असावं. गाव बुडालं तरी रेडिओवर निवेदक ते नाव घेतच राहिला.

दर मे महिन्यात कुर्डीचे फोटो छापून येतात आणि ते जवळपास सारखेच असतात : भेगाळलेली जमीन, वठलेला खुंट, एकटं देऊळ, वर ढग. देखणे असतात, गावाचे वाटत नाहीत. पुढच्या मे महिन्यात एखाद्या छायाचित्रकाराने आदल्या वर्षीचे हेच फोटो चांगल्या जाड कागदावर मोठे छापून सोबत न्यावेत. सोमेश्वराच्या देवळापाशी सावलीत एक टेबल मांडावं, त्यावर फोटो पसरावेत, शेजारी काळी शाई आणि चार पेनं ठेवावीत. उत्सवाला आलेल्या म्हाताऱ्यांना चष्मा लावून त्यांवर लिहू द्यावं, काढू द्यावं : विहीर इथे, फणस इथे, शाळा त्या बाजूला, हे कुणाचं घर. दोघांचं एकमत झालं नाही तर दोघांच्याही रेघा ठेवाव्यात. जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत एवढं उरकायला हवं, कारण त्यानंतर पाऊस लागतो आणि पाणी चढू लागतं.